डोळ्याखाली फिलर भरल्यावर सूज आणि निळसर पट्टा : कुणाला अनुभव आहे का?

तापीकाठची | २ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे.

वय ३९, जळगाव, पतसंस्थेत नोकरी. डोळ्याखालचे खड्डे आमच्याकडे आजोळाकडून आलेत. आई, मावशी, मी, तिघींचे सारखे. फोटोत कायम आजारातून उठल्यासारखी दिसते. डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं, म्हणून नोव्हेंबरात फिलर, म्हणजे खड्डा भरायचं जेलचं इंजेक्शन, भरून घेतलं. एक एमएलची सिरिंज, दोन्ही डोळ्यांत वाटून. २२ हजार. अर्ध्या तासात मोकळी. उजवीकडे आठवडाभर काळंनिळं होतं, ते गेलं. लग्नात जो तो म्हणाला, तब्येत सुधारली तुझी! मनात म्हटलं, वसूल.

जानेवारीच्या शेवटापासून डाव्या डोळ्याखाली सकाळी फुगवटा यायला लागला. गालाच्या हाडावर आडवा, करंगळीच्या पेराएवढा. संध्याकाळपर्यंत निम्मा व्हायचा. रात्री शेवभाजी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. मग मार्चात नवीन प्रकार. ट्यूबलाइटखाली काही नाही, पण गाडीच्या आरशात उन्हात बघितलं की त्याच जागी निळसर पट्टा. शाईचं बोट फिरवल्यासारखा. दुखत नाही, लाल नाही, गरम लागत नाही.

जिथे केलं तिथे दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, सेटल होईल, मसाज करा. दुसऱ्यांदा म्हणाले, थोडं अजून भरलं की लेव्हल होईल. अजून १ सिरिंज.

उन्हाळ्यात गाडीवर स्कार्फ आणि गॉगल असतोच, म्हणून निभावतंय. पण गेल्या रविवारी गच्चीवर बिबडे घालायला सगळ्या जमलो आणि मावशीनं पकडलंच. "तुना डोयास्ले काय व्हयनं वं?" आईनं लगेच किडनी काढली. आता उद्या लघवी तपासायला घेऊन जाणार आहे मला!

कुणाला असं झालंय का? आपोआप जातं का? अजून भरू की नको?


नवापूरची | २ एप्रिल, रात्री ११.१५

अजून भरू नको गं बाई, आधी हेच काय ते समजू दे.
मी सुरतेला केलं होतं दोन वर्षांपूर्वी. मला काही झालं नाही, खरं सांगते. फक्त पहिले चार दिवस बोटाला बारीक गाठ लागायची. म्हणजे सगळ्यांनाच होतं असं नाही.


कडक_भाकर | ३ एप्रिल, सकाळी ६.५०

२२ हजारात चांगली म्हैस नाही आली तरी पारडी आली असती. देवानं दिलेल्या तोंडात जेल कशाला भरायचं म्हणतो मी.


अमळनेर_ते_हडपसर | ३ एप्रिल, सकाळी ९.०५

@कडक_भाकर, केस काळे करता ना? मग बसा.

ताई, मला अगदी हेच झालं होतं, पुण्यात. माझंही "सेटल होईल" ऐकण्यात आठ महिने गेले. शेवटी दुसरीकडे जाऊन विरघळवून घेतलं. फिलर कोणतं भरलं ते माहीत आहे का? खोक्यात स्टिकर असतात, नाव आणि लॉट नंबर छापलेले, त्यातला एक पेशंटला देण्यासाठीच असतो. तो मागून घ्या. त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर हात लावायला कचरतो, आणि त्याचं बरोबरच आहे.


तापीकाठची | ३ एप्रिल, दुपारी २.२०

स्टिकर दिला नव्हता. बिलावर नुसतं "अंडरआय ट्रीटमेंट" आहे. आज फोन केला तर म्हणाले शोधून सांगतो.

@कडक_भाकर दादा, म्हैस डोळ्याखाली बसली नसती.


ओटीतली | ३ एप्रिल, सायंकाळी ७.३०

मी धुळ्याला डोळ्याच्या ऑपरेशन थिएटरला स्टाफ नर्स आहे. फिलरमधलं मला फार कळत नाही, पण ते विरघळवायचं औषध रोज हाताखालून जातं म्हणून लिहिते.

हायलुरोनिडेज नाव. मोतीबिंदूच्या आधी डोळ्याच्या बाजूनं बधिरतेचं इंजेक्शन देतो, त्यात हे मिसळतात, म्हणजे भूल लवकर आणि सगळीकडे पसरते. छोटी कुपी, तळाशी पांढरी पावडर, १५०० युनिटची. सलाइन घालून फिरवायची. गंमत अशी की आमच्याकडे मोतीबिंदूचा कॅम्प असला की ट्रे भरून कुप्या असतात, आणि जिथे फिलर भरतात तिथे फ्रिजमध्ये एक तरी असेल का, सांगता येत नाही.

आमच्या सरांकडे मागच्या वर्षी एक बाई आल्या होत्या, असंच फिलरनंतर. सरांनी आधी थायरॉइड आणि लघवी तपासायला सांगितली होती. म्हणजे तुमच्या आई काही चुकीचं बोलत नाहीत.


खानदेशी_त्वचा | ३ एप्रिल, रात्री ११.५०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, याच पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की दोन गोष्टी समजावतो.

डोळ्याखाली वापरतात ते फिलर बहुतेक वेळा हायलुरोनिक अॅसिडचं जेल असतं. हे जेल पाणी धरून ठेवतं. मेथ्या भिजत घातल्या की फुगून बुळबुळीत होतात ना, तसंच काहीसं. गालात थोडं पाणी धरलं तर कळत नाही. डोळ्याखालची कातडी शरीरातल्या सगळ्यात पातळ कातडीपैकी, आणि तिथे गालाच्या हाडाजवळ एक पातळ पडदा असतो. त्याच्या वरच्या बाजूला पाणी आलं की ते खाली निथरत नाही, धरणासारखं अडतं. जेल त्या जागी वरवर किंवा जास्त पडलं तर लसिकेचा, म्हणजे कातडीखालचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, निचरा आणखी मंदावतो. रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी साठतं, दिवसभर उभं राहिल्यावर उतरतं. म्हणून तुमचा फुगवटा सकाळचा. मिठाचं खाल्लं की जास्त, हेही त्यातलंच. त्यामुळे शेवभाजीवर सगळा आळ घालू नका, ती फक्त निमित्त.

निळा पट्टा म्हणजे टिंडल परिणाम. १९व्या शतकात जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञानं अभ्यासलेली प्रकाशाची गोष्ट. पेटत्या विडीच्या टोकाचा धूर निळसर दिसतो, त्याच कारणानं कातडीच्या अगदी खाली बसलेलं पारदर्शक जेल निळसर दिसतं. निळा प्रकाश जास्त विखुरतो. म्हणजे ते जुनं काळंनिळं नाही. काळंनिळं दोन आठवड्यांत पिवळं पडून जातं, हे जात नाही.

मसाजबद्दल. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरनं स्वतः दाबून बसवणं वेगळं. पाचव्या महिन्यात तुम्ही घरी चोळलं तर पाणी तासभर इकडचं तिकडे होईल, जेल तिथेच राहील.

आणि अजून भरायचं अजिबात नाही. फुगलेल्या जागेशेजारी भर टाकून "लेव्हल" करणं म्हणजे गळक्या छताखाली फरशी उंच करणं.


शिरपूरवाली | ४ एप्रिल, सकाळी १०.१०

डॉक्टर, पण कंपनीवाले तर सांगतात सहा महिने ते वर्षात आपोआप जातं. मग वाट बघितली तर?


खानदेशी_त्वचा | ४ एप्रिल, दुपारी १.४५

जाहिरातीत असतं ते परिणाम किती दिवस दिसतो याचं. जेल कधी संपतं ही गोष्ट वेगळी. डोळ्याखाली हालचाल कमी, त्यामुळे तिथे ते रेंगाळतं. एमआरआय केल्यावर काही वर्षांनंतरही जेल जागेवर सापडल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. माझ्याकडे भरल्यानंतर तीन वर्षांनी सूज घेऊन आलेली पेशंट आहे. तिनं तर फिलर केल्याचं सांगितलंच नव्हतं, अॅलर्जी म्हणून गोळ्या चालू होत्या.

वाट बघायला हरकत नाही, जीवाला धोका नाही. पण ती वाट किती लांबेल हे कुणी लिहून देणार नाही.


नवापूरची | ४ एप्रिल, दुपारी ३.००

आंधळेपण येतं म्हणतात ते खरं का? हे वाचून मलाच आता धडधडतंय. दोन वर्षं झाली तरी येऊ शकतं?


खानदेशी_त्वचा | ४ एप्रिल, रात्री ११.२०

तुम्ही निवांत झोपा. तो प्रकार भरताना किंवा त्यानंतर लगेच होतो, दोन वर्षांनी अचानक नाही.

होतं काय, तर सुईचं टोक रक्तवाहिनीत गेलं आणि दाबून जेल सोडलं तर ते उलट्या दिशेनं मागे ढकललं जातं. नाकाच्या बाजूच्या, भुवयांमधल्या रक्तवाहिन्या आत डोळ्याच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडलेल्या आहेत. जेल तिथपर्यंत मागे गेलं आणि दाब सुटल्यावर पुढे आलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) रक्तवाहिनीत अडकतं. २०१५ साली जगभरातल्या प्रसिद्ध केसेस गोळा करून एक आढावा आला, त्यात फिलरनंतर नजरेवर परिणाम झालेल्या ९८ केसेस होत्या. २०१९ मध्ये त्याच्याच पुढच्या आढाव्यात आणखी ४८. जगात लाखो लोक भरून घेतात त्या मानानं हे फार थोडं. सगळ्यात जास्त केसेस भुवयांच्या मधल्या जागेच्या आणि नाकाच्या, आणि पहिल्या आढाव्यात तर निम्म्याच्या आसपास केसेसमध्ये जेल नव्हतंच, पेशंटच्याच अंगातली चरबी काढून भरलेली होती. म्हणजे "स्वतःचंच आहे, काही होत नाही" हे वाक्य कुणी ऐकवलं तर उठून या.

पण थोडं म्हणजे शून्य नव्हे. भरताना एकदम असह्य कळ, कातडी पांढरीफटक पडणं, मग जांभळी जाळी उमटणं, एका डोळ्यानं अंधारल्यासारखं होणं, पापणी पडणं, डबल दिसणं : यातलं काहीही झालं की खुर्चीतून उठायच्या आधी सांगायचं. पडद्याला रक्ताशिवाय तग धरायला फार तर तास-दीड तास, बरेच तज्ज्ञ त्याहूनही कमी मानतात. चोपड्याहून, शहाद्याहून पडद्याच्या डॉक्टरपर्यंत पोचायलाच तेवढा वेळ जातो. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना स्वतः सांगतो, भरण्याआधी एकच विचारा: "हायलुरोनिडेज इथे आत्ता आहे का? दाखवा." आहे म्हणणं पुरेसं नाही, कुपी बघा, तारीख बघा. त्यानं नजर परत येईलच असं नाही, डोळ्याच्या बाबतीत यश थोड्यांनाच आलंय. कातडी मात्र वाचते.

आणि ते हायलुरोनिक जेलवरच चालतं. कॅल्शियमचं किंवा कायमस्वरूपी म्हणून विकतात ते फिलर त्यानं विरघळत नाही. डोळ्याखाली ते घालूच नये.


ओटीतली | ५ एप्रिल, सकाळी ८.००

@खानदेशी_त्वचा सर, फ्रिजमधली कुपी दाखवा म्हणणारा पेशंट मी तरी अजून पाहिला नाही. आमच्याकडे विचारतात, जेवण कधी करू.


कडक_भाकर | ५ एप्रिल, सकाळी ८.४०

डॉक्टर, एक विचारू? चेष्टा नाही. माझ्या मुलीच्या डोळ्याखाली काळं आहे, कॉलेजात आहे, हेच करायचं म्हणते. तिला नको म्हणून काय सांगू?


खानदेशी_त्वचा | ५ एप्रिल, रात्री १०.३०

आधी काळं का आहे ते बघा. फिलर फक्त खड्ड्याची सावली भरतं, रंग पुसत नाही. तिला आरशासमोर बसवून टॉर्च समोरून चेहऱ्यावर धरा. काळेपणा गेला तर ती सावली, राहिला तर रंग. कातडी हलकेच ताणल्यावर जास्त जांभळी दिसली तर पातळ कातडीतून रक्तवाहिन्या दिसताहेत. आपल्याकडे मोठा वाटा रंगाचाच असतो, घराण्यातून आलेला. त्यात कॉलेजच्या मुलींत हिमोग्लोबिन कमी, आणि धुळीनं डोळे खाजवून खाजवून काळे केलेले. डोळे चोळते का विचारा. हिमोग्लोबिन करून घ्या. त्यात फिलरचं काम नाही.


शिरपूरवाली | ६ एप्रिल, दुपारी १२.१५

आमच्याकडे एका पार्लरमध्ये बिनसुईचं पेन आलंय, त्यानं दाबून भरतात, ४ हजारात. सुई नाही म्हणजे रक्तवाहिनीत जाण्याचा प्रश्नच नाही ना?


खानदेशी_त्वचा | ६ एप्रिल, रात्री ११.००

उलट. सुई निदान किती खोल गेली ते हाताला कळतं. पेन दाबानं जेल फेकतं, ते कुठे थांबलं यावर कुणाचाच ताबा नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०२१ च्या ऑक्टोबरात या पेनांविरुद्ध जाहीर इशारा दिलाय. डोळ्याजवळ तर विचारूच नका. डोळ्याखालच्या खोबणीसाठी म्हणून त्याच एफडीएनं एका जेलला पहिल्यांदा मान्यता दिली ती २०२२ मध्ये, म्हणजे सुईनं भरायचं साधं फिलरसुद्धा तोवर तिथे त्या जागेसाठी मान्यतेबाहेर, डॉक्टरच्या जबाबदारीवर वापरलं जात होतं.

भरणाऱ्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. पार्लर तिथे सापडणार नाही.


तापीकाठची | ९ एप्रिल, रात्री ९.३०

अपडेट. लघवी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), थायरॉइड, सगळं नॉर्मल. आई जरा नाराजच झाली. आता म्हणते दृष्ट आहे. मीठ-मिरची ओवाळून झाली.

स्टिकर मिळाला! तीन फोन आणि एकदा स्वतः जाऊन. खोकं त्यांच्याकडे होतंच, स्टिकर तसाच्या तसा चिकटलेला. हायलुरोनिक अॅसिडचंच आहे, ते एक बरं. नाशिकला भाऊ असतो, तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतलीय. त्यांनी फोनवरच विचारलं, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी त्रास झालाय का. याचा काय संबंध?


खानदेशी_त्वचा | ९ एप्रिल, रात्री ११.१०

बाई जाणकार आहेत, तिथेच जा. मधमाशीच्या, गांधीलमाशीच्या विषात हायलुरोनिडेज असतं. विष अंगात पसरतं ते त्याच्याही जोरावर. ज्यांना डंखानंतर अंगभर गांधी उठतात, घसा दाटतो, धाप लागते, त्यांना या औषधाचीही तीव्र अॅलर्जी येऊ शकते. नुसती चावलेली जागा सुजली असेल तर त्यात मोजत नाही.


तापीकाठची | ९ एप्रिल, रात्री ११.२५

लहानपणी केळीच्या बागेत चावली होती, कानाला. कान नुसता सुजून भज्यासारखा झाला होता, बाकी काही नाही. सांगते त्यांना.


अमळनेर_ते_हडपसर | १० एप्रिल, सकाळी ९.४५

विरघळवल्यावरचं आधीच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच रात्री दोन्ही डोळे सुजतात, घाबरू नका. आणि खड्डा परत येतो तेव्हा पहिल्यापेक्षा खोल वाटतो. मी आरशासमोर बसून रडले होते. महिनाभरानं नजर सरावली. खरंच खोल झाला होता की मीच विसरले होते, जुने फोटो काढून बघितले तरी ठरवता आलं नाही.


तापीकाठची | ४ मे, सायंकाळी ६.१५

उशिरा लिहितेय, मार्च एंडनंतरची ऑडिटची कामं होती.

२० एप्रिलला झालं. आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर औषध टोचून अर्धा तास बसवलं. काही उठलं नाही. बाईंनी कुपी माझ्यासमोर फोडली (मी तारीख वाचली, त्या हसल्या). मग डावीकडे चार ठिकाणी बारीक सुई. भरताना दुखलं नव्हतं तेवढं हे झोंबलं. लाल मुंगी चावल्यासारखं, नंतर मिनिटभर जळजळ. उजवीकडे हात लावला नाही. म्हणाल्या, तिथे चांगलं बसलंय, उगाच कशाला.

त्या रात्री भावाच्या घरी डावा डोळा अर्धाच उघडत होता. वहिनीला शेवटी खरं सांगितलं. ती म्हणाली, मला लग्नातच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, आणि निळा पट्टा नाही! जळगावला स्टेशनबाहेर उन्हात उभी राहून मोबाइलमध्ये तीनतीनदा बघितलं. सकाळचा फुगवटा दहा दिवसांनी पूर्ण गेला. आतल्या कोपऱ्यात अजून जिरेदाण्याएवढं काहीतरी लागतं बोटाला, त्यासाठी १८ ला परत बोलावलंय.

आता डावीकडे खड्डा, उजवीकडे नाही. समोरून बघितलं की मी अर्धी डिसेंबरातली आणि अर्धी नोव्हेंबरातली. विरघळवायचे साडेसात हजार, जाणंयेणं वेगळं. म्हणजे पारडी गेलीच, वर पेंडीचे पैसे.


ओटीतली | ४ मे, रात्री ८.५०

बरं झालं सुटलात. नोंद केली का पण? फिलर हे कायद्यानं वैद्यकीय उपकरणात मोडतं. उपकरणांचे दुष्परिणाम नोंदवायचा मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. पेशंटलाही फॉर्म भरता येतो. लॉट नंबर तुमच्याकडे आहेच आता.


तापीकाठची | ४ मे, रात्री ९.२०

हे माहीतच नव्हतं. १८ ला जाऊन आले की भरते, बाईंचा रिपोर्ट जोडून.


कडक_भाकर | ५ मे, सकाळी ६.४०

मुलीचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. गोळ्या चालू केल्या. डॉक्टर, आभारी आहे.
ताई, उजव्या बाजूचं पण काढणार का मग?


तापीकाठची | ५ मे, दुपारी १.१०

ठरलं नाही दादा. सध्या फोटोत उजवीकडून उभी राहते.